रोझविथाच्या बाजूची स्प्रिंग

शनिवारची सकाळ होती. माझे यजमान विद्याधर पाव आणायला गेले होते. मी ओट्याशी उभी राहून घेवड्याच्या शिरा काढत होते आणि चहाचं पाणी उकळून उकळून निम्मं झालं होतं, तेवढ्यात मागच्या दारावर टकटक झाली. आमच्या गल्लीत घंटा असताना दार कुणी ठोठावत नाही, आणि मागच्या दारानं तर मांजर सोडून कुणी येत नाही. उघडून बघते तर समोरच्या घरातले एवाल्ड मेर्टेस. पायात नुसते मोजे. ग्रीस लागलेले बूट त्यांनी पायरीखाली टाचेला टाच लावून ठेवले होते.

"माफ करा, फ्राउ सबनीस. वजनकाटा आहे का तुमच्याकडे? माणसांचा."

"आहे की. न्हाणीघरात."

"बरोबर दाखवतो?"

"माझ्या मते जरा जास्तच दाखवतो."

एरवी या बोलण्यावर ते निदान मिशीत हसले असते. त्या दिवशी त्यांनी नुसती मान हलवली, जणू मी काट्याची चूक सांगितली आणि त्यांनी ती ध्यानात ठेवली.

"आमचा रोझविथानं कचऱ्यात टाकला," ते म्हणाले. "मी बघायच्या आत गाडी घेऊन गेली."

का टाकला ते मी विचारलं नाही. त्यांच्या बायकोच्या, रोझविथाच्या, हाडांत आजार उतरला होता. वसंतात तो डॉक्टरांना सापडला आणि उन्हाळा सरता सरता त्यांनी औषधाऐवजी उशांच्या गोष्टी सुरू केल्या होत्या. एक दिवसाआड मी तिला अंघोळ घालायला जायची. सरकारी नर्स यायची, पण रोझविथाला ती आवडत नसे. "बशी पुसतात तसं पुसते गं मला," ती म्हणायची. "आणि पुसून झाल्यावर वर बघते, डाग राहिला का!" दर आठवड्याला काट्यावर उभं राहायचं आणि दर आठवड्याला काटा मागे सरकलेला बघायचा, याचा तिला वीट आला असणार.

काटा आणून दिला तरी एवाल्ड हलेनात. दाराच्या चौकटीकडे बघत म्हणाले, "आणखी एक. तुम्ही तिला टबातून उठवता. हाताला किती लागते ती?"

"किती म्हणजे?"

"किलोत."

"असं कसं सांगता येईल हो मला?"

"पिशव्या उचलून सांगता येईल का?"

मी गॅस बंद केला आणि त्यांच्या मागोमाग रस्ता ओलांडला.

एवाल्डचं गॅरेज म्हणजे आमच्या गावातलं सगळ्यांत स्वच्छ घर. भिंतीवर प्रत्येक पान्याची बाह्यरेषा रंगवलेली. पाना जागेवर नसेल तर त्याची सावली तेवढी दिसायची. मधोमध त्यांची गाडी, चाकं अधांतरी, चार लोखंडी घोड्यांवर उभी. दोन दारांची, काळपट लाल, आमच्या लग्नाच्याही आधीची. कारखान्यातून निघाली तेव्हाच ती पळण्यासाठी निघाली होती, आणि एवाल्डनी तरुणपणी तिला आणखी ताठ केली होती. आखूड कडक स्प्रिंगा, त्याहून कडक शॉकॲब्सॉर्बर, आणि जिथं जिथं सांध्यांत रबराचे बुश, म्हणजे धक्का गिळणाऱ्या कड्या, होते तिथं लाल प्लास्टिकचे. ती गाडी नाण्यावरून गेली तर छापा की काटा ते बसलेल्याला कळेल, असं रोझविथा म्हणायची. आता ते सगळं काढून बाकावर ओळीनं मांडलेलं होतं. शेजारी नवीन लांब स्प्रिंगा, नवीन रबरं, आणि सैल-घट्ट करता येणारे नवे शॉकॲब्सॉर्बर.

"मऊ करतोय," ते म्हणाले. चूक कबूल केल्यासारखं म्हणाले.

खाली वाळूच्या पिशव्या होत्या. गाडीचे रबरी बुश आवळायचे तर चाकं हवेत लटकत असताना आवळायचे नसतात. गाडी आपल्या पायांवर उभी हवी आणि जे बसणार त्यांचं वजन सीटवर हवं. नाहीतर रबर पिळलेल्या अवस्थेतच अडकतं, आणि मग ते मऊ असूनही प्रत्येक खड्ड्यावर उलटून मारतं. हे मला त्या घरासमोर इतकी वर्षं राहून तोंडपाठ झालं होतं. गावातल्या प्रत्येक पोराला एवाल्डनी हे ऐकवलेलं. तेव्हा स्वतःच्या वजनाची पिशवी त्यांनी भरली होती. प्रश्न दुसऱ्या सीटचा होता.

"उचला," ते म्हणाले.

मी पहिली पिशवी कवेत घेतली, रोझविथाला काखेत हात घालून घेते तशी. "जड."

त्यांनी फावड्यानं वाळू काढली. पुन्हा उचलली. "जड."

पुन्हा काढली. "अजून जड आहे, एवाल्ड."

ते थांबले. फावडं हातात तसंच. मग त्यांनी पाठ वळवून इतकी वाळू काढली की पिशवीची मान वाकली. मी उचलली. अंगाला सैल लागली, हाताला ओळखीची.

"ही," मी म्हणाले.

ती काट्यावर ठेवताना त्यांनी आकडा मला दिसू नये म्हणून मध्ये पाऊल घातलं. मग पिशवीचं तोंड सुतळीनं बांधलं आणि हळूच, दोन्ही हातांनी, भिंतीशी टेकवून बसवली.

*

एवाल्ड जन्मभर जिल्ह्याच्या रस्ते खात्यात होते. हिवाळ्यात मीठ टाकायचं, वसंतात बर्फानं फोडलेल्या डांबराला ठिगळं लावायची, आणि बारा महिने अपघातानंतर रस्ता झाडायचा. रोझविथा टेकडीपलीकडच्या शर्यतीच्या ट्रॅकवर तिकीटखिडकीत बसायची. तिथं संध्याकाळी कुणीही पैसे भरून आपली गाडी पळवू शकतं. हा तरुण दर मंगळवारी यायचा, एका फेरीचं तिकीट घ्यायचा आणि सुटे पैसे मोजून न घेता निघून जायचा.

"मी एकदा म्हटलं त्याला," रोझविथा सांगायची, "की बाबा, एवढ्या पैशांत सोफा आला असता. तर म्हणतो कसा, घरी बसायला कुणी नाही. आता यावर बाईनं काय करायचं? खिडकी बंद केली आणि गेले गाडीत बसायला."

मूलबाळ झालं नाही. मंगळवार चुकला नाही. ती शेजारी बसायची, मांडीवर उकडलेल्या अंड्यांचा डबा, आणि हा प्रत्येक वळणाला काय करतो ते मोठ्यानं सांगायची, जणू त्यालाच माहीत नव्हतं. "तीस वर्षं फिरवलं मला," ती आल्यागेल्याला सांगे, "आणि दर वेळी जिथून निघालो तिथंच आणून सोडलं. समुद्र म्हणून दाखवला नाही या माणसानं."

एवाल्ड म्हणायचे, "समुद्राच्या रस्त्याला वळणं नाहीत."

आजार हाडांत उतरल्यावर तिला दवाखान्यात न्यायला आमची गाडी असे, किंवा रुग्णांची टॅक्सी. दोन्ही गुबगुबीत. तरी गटाराच्या प्रत्येक झाकणावर, डांबराच्या प्रत्येक ठिगळावर तिचा श्वास अडकायचा. एकदा परत येताना ती मला म्हणाली, "मला वरच्या तळ्यावर जायचंय. लग्नानंतर गेलो होतो तिथं. पण आमच्या गाडीतून."

"अगं, या गाडीत तुझे हे हाल. त्या गाडीत काय होईल?"

"बाकीच्या गाड्यांत मला नेतात," रोझविथा म्हणाली. "त्या गाडीत मी जाते."

हे मी एवाल्डना सांगितलं नव्हतं. तिनंच सांगितलं असणार. दुसऱ्या दिवशी गॅरेजचं दार उघडं होतं आणि गाडी घोड्यांवर चढली होती.

वेळ कमी होता, आणि तो फक्त आजारामुळे नव्हे. त्या गाडीच्या नंबरपाटीच्या कडेला दोन महिने कोरलेले आहेत, एप्रिल आणि ऑक्टोबर. आमच्याकडे जुन्या लाडक्या गाड्यांना पुष्कळ जण अशी पाटी घेतात. एप्रिल ते ऑक्टोबर सोडून बाकीच्या महिन्यांत गाडी रस्त्यावर आणायची नाही, उभीसुद्धा करायची नाही. म्हणजे ऑक्टोबर संपायच्या आत रोझविथाला तळ्यावर न्यायचं. एवढंच त्यांना हवं होतं. त्या शरद ऋतूत दुसरं काहीच हवं नव्हतं.

पुढची बाजू लवकर झाली. मागच्या आसाची दोन मोठी रबरं मिळेनात. गाडी जुनी, माल संपलेला. गावाबाहेर ज्याचं वर्कशॉप आहे तो उडो एवाल्डचा शाळूसोबती. तो कडक प्लास्टिकची जोडी घेऊन आला.

"घे, म्हाताऱ्या. फळीवर पडून होती. संध्याकाळपर्यंत बसतील."

"हीच तर काढली मी."

"मग मागे राहू देत. ती पुढे बसणार ना, मागच्या आसावर थोडीच बसणार!"

"कणा पुढे संपत नाही, उडो," एवाल्ड म्हणाले. उडो जोडी घेऊन परत गेला आणि जाताना मला म्हणाला, "बघा, फ्राउ सबनीस, लग्न करताना मी सांगितलं होतं रोझीला. हा माणूस परिपूर्ण आहे, याच्यापासून लांब राहा."

रबरं आली ती सप्टेंबरच्या शेवटी. ती बसवत असताना रोझविथा वरच्या खोलीत पडली. मी तिथंच होते. मी हाक मारली आणि एवाल्ड पाना हातात घेऊनच धावत वर आले. पडणं साधं होतं, पण तिला अंथरुणावर घेताना ती जी ओरडली ते त्यांनी पहिल्यांदाच जवळून ऐकलं. ते खाली गेले आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी अंघोळीचं पाणी काढत होते तर गॅरेजातून काहीतरी जोरात आपटल्याचा आवाज आला. खिडकीतून वाकून पाहिलं. एवाल्ड गाडीखालून बाहेर येऊन जमिनीवर बसले होते, पाय पसरून, लहान मूल बसतं तसे.

"काय झालं?"

"हवेत आवळले," ते म्हणाले. "सगळे. चाकं लटकत असताना."

गावातल्या पोरासोरांना ज्यावरून त्यांनी आयुष्यभर झापलं, तीच चूक. सगळे बोल्ट पुन्हा सैल करायचे, आणि दोन नवी रबरं तर इतकी पिळली होती की त्यांनी ती ठेवलीच नाहीत. पुन्हा मागवली. ऑक्टोबर अर्धा गेला.

मला वाटलं होतं रोझविथा चिडेल. ती उशांच्या ढिगात टेकून बसली होती. म्हणाली, "चुकला? एवाल्ड? थांब, मला डायरीत लिहू दे," आणि हसली. मग हसणं दुखायला लागलं तसा माझा हात घट्ट धरून बसली. "त्याला सांग ना गं, उशी घालून नेलं तरी चालेल मला. मी दोन गोळ्या जास्त घेईन. आहे तशी ने म्हणावं."

मी सांगितलं. ते म्हणाले, "दोन आठवडे."

उडोच्या वर्कशॉपात गाडीला चाकांची दिशा मोजायच्या यंत्रावर चढवायचं ठरलं त्याच्या आदल्या दिवशी एवाल्ड पुन्हा मागच्या दारानं आले.  मी हात पुसले आणि गेले. ती बांधलेली पिशवी भिंतीशी होती. मी उचलली. त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी सुतळी सोडली. तिथून ओंजळीनं, फावड्यानं नव्हे, वाळू काढत गेले आणि मी दर वेळी उचलत गेले. शेवटी मी मान हलवली. जमिनीवर वाळूचा छोटा ढीग झाला होता. त्यांनी तो झाडला नाही. त्या गॅरेजात मी न झाडलेलं काही पहिल्यांदाच पाहिलं.

*

गाडी झाली. उडोनं चाकं मापात लावली, पिशव्या सीटवर बसवल्या, रोझविथाच्या पिशवीला पट्टाही बांधला, आणि बोल्ट आवळले. पुढची शर्यतीची सीट काढून कारखान्याची जुनी कापडी सीट बसवली होती. पुढच्या चाकावरचा पत्रा थोडा दाबला की गाडी हळू श्वास घेतल्यासारखी खाली जायची आणि तशीच वर यायची.

"झालं," उडो म्हणाला. "उद्या सकाळी ऊन आहे. ने तिला."

"नोंद व्हायचीये."

आता हे असं आहे की स्प्रिंगा बदलल्या तर तपासणीच्या इंजिनियरनं बघून गाडीच्या कागदावर नोंद करावी लागते. तोवर गाडी रस्त्याच्या दृष्टीनं नाहीच. शरदाच्या सुट्ट्या लागल्या होत्या. तारीख मिळाली ती महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातली.

"कोण धरणार आहे तुला?" उडोचा आवाज चढला. "इथला पोलीस कोण? हेर्मान! तो दर गुरुवारी तुझ्याकडून पत्त्यांत हरतो. तो शिट्टी वाजवणार आहे?"

"हेर्मानचा प्रश्न नाही."

"मग कुणाचा आहे, गाढवा?"

एवाल्ड बराच वेळ हात पुसत राहिले. मग म्हणाले, "त्या खालच्या वळणावर, आठवतं? दोघं होती. स्प्रिंगा कुठूनतरी आणून घातलेल्या, कुणी बघितलेल्या नाहीत. मी झाडला तो रस्ता. मुलीचा बूट होता." आणि थोड्या वेळानं, "त्या सीटवर रोझविथा बसणार आहे."

  आज वाटतं की आमच्यापैकी एकानं तरी बोलायला हवं होतं की त्या वळणावरून आपण तिला चालत्या बैलगाडीच्या वेगानं नेऊ. पण त्या माणसाच्या तोंडावर असं काही होतं की तोंड उघडेना.

तारखेच्या दोन दिवस आधी रोझविथाला ताप चढला आणि दवाखान्यात हलवावं लागलं. एवाल्ड रात्रंदिवस तिच्याजवळ. तपासणीला गाडी उडोनं ट्रेलरवर घालून नेली. नोंद झाली, शिक्का बसला. इंजिनियर म्हणे खाली वाकून सगळं बघून म्हणाला, असं काम हल्ली दिसत नाही. उडोनं हे दवाखान्यात येऊन सांगितलं तेव्हा एवाल्डनी नुसतं "हं" केलं.

ती घरी आली नोव्हेंबरात. डॉक्टरांनीच पाठवली, घरी असू दे म्हणाले. पाटीवरचा महिना संपला होता.

आली त्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं मला बोलावलं. "मला खाली ने. चाकाच्या खुर्चीतून. त्याला सांगू नकोस, नाहीतर तो आधी उतार मोजेल."

एवाल्ड गॅरेजात होते. आम्हाला बघून ते पुढे आले. गाडीचं दार उघडलं, आणि आम्ही दोघांनी मिळून तिला आत बसवलं. गाडी तिच्याखाली किंचित, अगदी किंचित बसली. रोझविथानं डोळे मिटले. मग दोन्ही हातांनी सीटच्या कडा चाचपल्या.

"एवाल्ड," ती म्हणाली, "शेवटी घेतलास की रे सोफा."

ते खुर्ची बाजूला सारत होते. त्यांचे हात तिथंच थांबले.

"चालव ना."

त्यांनी चालू केली. त्या इंजिनाचा आवाज गल्लीत महिनोन्महिने आला नव्हता. विद्याधर आमच्या दारात येऊन उभे राहिले. गाडी गॅरेजातून बाहेर निघाली, अंगणातून फाटकापर्यंत आली आणि फरशीच्या शेवटच्या ओळीवर थांबली. ती फरशी एवाल्डनी स्वतः घातलेली, पाण्याच्या नळीनं पातळी बघून. तिच्यावरून पेला घेऊन चाललं तरी पाणी हलत नाही. मी शेजारून चालत होते, काच खाली होती.

"अजून थोडं," रोझविथा म्हणाली.

"पुढे रस्ता आहे."

"मला दिसतोय."

इंजिन चालत राहिलं. समोर आमचं घर, आमच्या दारात विद्याधर, आणि मध्ये दोन गाड्या जातील एवढा रस्ता, रिकामा. एवाल्डचे दोन्ही हात चाकावर होते आणि पांढरे पडले होते. मला त्यांचा इतका राग आला त्या क्षणी, की मी दुसरीकडे बघितलं. अजूनही कधी कधी येतो.

"बरं," रोझविथा शेवटी म्हणाली. तिनं हात उचलून त्यांच्या हातावर ठेवला. "बरं. घे मागे."

संध्याकाळी एवाल्ड उडोकडे गेले. तात्पुरती पाटी मिळते, पण ती चाचणीसाठी, फेरफटक्यासाठी नव्हे, हे त्यांना माहीत होतं. उडो नंतर मला म्हणाला, "मी म्हटलं, अरे चाचणीच आहे ही. स्प्रिंगांची चाचणी. लिही तसं. तर विचार करत बसला, आणि पहिल्यांदा, फ्राउ सबनीस, आयुष्यात पहिल्यांदा म्हणाला, बरं, तसं लिहितो. सोमवारी ऑफिस उघडलं की जातो."

रविवारी सकाळी, चर्चच्या घंटा चालू असताना, रोझविथा गेली.

दफनानंतर खानावळीत कॉफी आणि केक होता, नेहमीसारखा. माणसं आधी हळू बोलत होती, मग मोठ्यानं, मग कुणीतरी तिच्या तिकीटखिडकीतला किस्सा सांगितला आणि सगळे हसले. एवाल्डही. उडो माझ्या शेजारी येऊन बसला, केकचे तुकडे करत राहिला, खाल्ला एकही नाही. "मी ओरडायला हवं होतं," तो म्हणाला, "की गप्प बसायला हवं होतं, तेच कळत नाही मला."

*

जानेवारीत आमच्या दारापुढचा बर्फ काढताना मी घसरले आणि माकडहाडावर आपटले. आठवडे गेले, पण बसणं म्हणजे शिक्षा झाली. गाडीत तर विचारू नका. विद्याधर गाडी घराबाहेर काढेपर्यंत मी दोन वेळा ओरडायची. आमच्या दारापुढचा बर्फ मग सगळा हिवाळा एवाल्डनीच काढला. आम्ही उठायच्या आत झालेला असे, कडेला रेघ मारल्यासारखा. दिसायचे क्वचित. गॅरेजचं दार बंद असे. मी वरणभाताचा डबा दारात ठेवून यायची. रिकामा डबा घासून, पुसून, झाकण लावून परत येई.

एप्रिल लागला. पहिल्याच शनिवारी गॅरेजचं दार उघडं दिसलं. मी काठी टेकत रस्ता ओलांडला. गाडी अंगणात, धुतलेली. एवाल्ड तिच्याशेजारी उभे होते, कोट घालून, दाढी करून. हिवाळ्यानं त्यांना चांगलंच खाल्लं होतं. गळपट्ट्यात मान लहान मुलाची वाटत होती.

"निघालात?" मी विचारलं.

"नाही."

ते गाडीच्या छतावर बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "पिशवी बसवून नेऊन आणली काल. वर, तळ्यापर्यंत. पिशवी काही सांगत नाही."

मी काठी दुसऱ्या हातात घेतली.

"तो रस्ता मी केलाय. कुठलं ठिगळ कसं आहे ते मला पाठ आहे. मला काही लागत नाही, मला कधीच लागलं नाही. आणि तिला इथंच बसवलं मी. या अंगणात खड्डा नाही, फ्राउ सबनीस. एकसुद्धा नाही." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, रस्त्याच्या कामाबद्दल बोलतात तसा. "उडोला बसवलं. तो म्हणतो ढगात बसल्यासारखं वाटतं. उडो काहीही म्हणेल. त्याचं काही दुखत नाही."

समोरच्या झाडावर कोकिळेएवढा एक काळा पक्षी ओरडून गेला. त्यांनी रोझविथाच्या बाजूचं दार उघडलं आणि धरून उभे राहिले.

"तुमचं दुखतं. अजून दुखतं ना?"

"दुखतं," मी म्हणाले.

"मग तुम्ही बसा इथं. मी तळ्यापर्यंत नेतो, हळू. जिथं दुखेल तिथं मला सांगा. माझ्यासाठी खोटं बोलू नका. तिला दुखलं असतं का, एवढंच मला सांगा."